मुलीला जॅझ ड्रमर व्हायचे आहे : एका वादकाचे सविस्तर उत्तर

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : मुलगी सतरा वर्षांची आहे, आठ वर्षे तबला शिकून तिने मध्यमा परीक्षा पूर्ण केली आहे, गेली दोन वर्षे ती ड्रमसेट वाजवते आणि बारावीनंतर जॅझ ड्रमर व्हायचे तिने मनाशी ठरवले आहे. या वादकाचे आयुष्य कसे असते, त्यात पोट भरते का, तबल्याची आठ वर्षे वाया गेली असे समजायचे का, मुलीला हे क्षेत्र झेपेल का आणि बडोद्यात राहून हे जमेल का, असे आपण विचारले आहे. मी बडोद्यातच वाढलो, माझीही सुरुवात तबल्यापासूनच झाली आणि तीस वर्षांहून अधिक काळ ड्रमसेटवरच माझे घर चालले आहे. तेव्हा जे ठाऊक आहे ते हातचे न राखता लिहितो.

सर्वांत आधी एक गैरसमज दूर करायला हवा, कारण तो मुलांच्या मनात असतो आणि पालकांच्या मनात त्याहून जास्त. ड्रमर म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे घाम गाळत, डोके हलवत एकट्याने दहा मिनिटे वाजवणारा माणूस येतो. जॅझमध्ये ड्रमरचे आयुष्य मुख्यतः संगतीचे असते. पखवाजी, तबलजी जसा गायकाच्या मनात पुढे काय येणार हे ओळखून ठेका धरतो, तसाच हा वादक पियानोवाला, बेसवाला आणि सॅक्सोफोनवाला यांच्यामध्ये बसून तिघांची लय सांभाळतो. रॉय हेन्स नावाचा बॉस्टनचा ड्रमर १९२५ साली जन्मला आणि २०२४ च्या नोव्हेंबरात नव्व्याण्णवाव्या वर्षी वारला. तो सॅक्सोफोनवाल्या लेस्टर यंगबरोबर वाजला, १९४९ पासून सॅक्सोफोनच्याच चार्ली पार्करबरोबर वाजला, १९५३ ते १९५८ अशी पाच वर्षे गायिका सेरा वॉनच्या साथीला बसला, त्यानंतर थेलोनियस मंक, स्टॅन गेट्झ, चिक कोरिया, पॅट मेथिनी अशा निरनिराळ्या पिढ्यांच्या वादकांनी त्याला बोलावले. पार्करचे वादन वाऱ्यासारखे सुटणारे आणि वॉनचा संथ गीतातला एकेक स्वर लांबवत नेणारा. या दोघांनाही एकच माणूस बाजूला हवासा वाटला, यात या पेशाचे सगळे मर्म आहे. ज्याच्याबरोबर बसले की आपले वादन चांगले होते असे इतरांना वाटते, त्याला काम मिळत राहते. हाताचा वेग फार वाढवूनही हे न साधलेले वादक मी बडोद्यात आणि मुंबईत पुष्कळ पाहिले आहेत, आणि त्यांतले बहुतेक चाळिशीच्या आत वाद्य विकून मोकळे झाले.

हे वाद्य आजच्या रूपात कसे आले ते ठाऊक असले म्हणजे त्या आयुष्याचाही अंदाज येतो. न्यू ऑर्लिन्सच्या रस्त्यांवरील पितळी वाद्यांच्या बँडमध्ये मोठा ड्रम एकाच्या गळ्यात, लहान दुसऱ्याच्या कमरेला आणि झांजा तिसऱ्याच्या हातात असायच्या. नाचाच्या दालनात तीन माणसांना जागाही नव्हती आणि पैसेही नव्हते, म्हणून ती तीन वाद्ये एका बसलेल्या माणसाकडे आली. १९०९ साली विल्यम लुडविगने पायाने मोठा ड्रम वाजवण्याचे पेडल चांगले सुधारले आणि या बसलेल्या माणसाचा पाय मोकळेपणाने चालू लागला. कमरेला तिरका लटकणारा ड्रम वाजवताना डावी काठी उलट्या तळव्यात धरावी लागे. ती पकड वाद्य स्टँडवर आल्यानंतरही टिकली आणि जॅझमधले अनेक जण आजही तशीच धरतात. आपल्या मुलीचा डावा हात तसा असेल तर ती काही चुकीचे शिकलेली नाही, आणि दोन्ही हात सारखे असतील तरीही नाही.

१९२३ साली किंग ऑलिव्हरच्या बँडने इंडियाना राज्यातल्या रिचमंड येथे ध्वनिमुद्रण केले तेव्हा बेबी डॉड्स या ड्रमरला लाकडी ठोकळ्यावर आणि किरकोळ वस्तूंवर भागवावे लागले, कारण त्या काळच्या भोंग्यातून मोठ्या ड्रमचा आघात गेला की कोरणारी सुई उडे. म्हणजे ज्या ध्वनिमुद्रिकांवरून आपण त्या काळाचा अंदाज बांधतो त्यांत ड्रमर जवळजवळ नाहीच. मुलीला जुने संगीत ऐकवताना ही गोष्ट लक्षात ठेवावी, नाहीतर सुरुवातीच्या काळात ड्रमरला काही काम नव्हते असा चुकीचा ग्रह होतो.

या सगळ्यांत केनी क्लार्कचे आयुष्य मी शिष्यांना आवर्जून सांगतो, कारण पेशाचे बहुतेक प्रश्न त्यात एकवटले आहेत. पिट्सबर्गमध्ये १९१४ साली जन्म, लहानपणीच आई गेली, वाढला अनाथाश्रमात. त्याच्या आधीचे ड्रमर मोठ्या ड्रमवर प्रत्येक मात्रेला पाय मारीत. नाचणाऱ्यांना तो आघात लागत असे. क्लार्कने लय उजव्या हाताने वरच्या मोठ्या झांजेवर नेली, म्हणजे ज्याला आम्ही राइड सिंबल म्हणतो त्यावर, आणि पायाला मोकळे केले. मग तो पाय अवचित, वादकाच्या बोलण्याला दुजोरा दिल्यासारखा, मधल्याच एखाद्या जागी पडू लागला. टेडी हिल या बँडप्रमुखाला हे तेव्हा पसंत पडले नाही आणि क्लार्कचे काम गेले, परंतु काही काळाने तोच हिल न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातल्या मिंटन्स प्लेहाउस या क्लबचा कारभार पाहू लागला तेव्हा त्याने तिथल्या बँडसाठी क्लार्कलाच बोलावले, आणि तिथे १९४१ च्या सुमारास डिझी गिलेस्पी, थेलोनियस मंक ही मंडळी त्याच्याभोवती जमली. ज्याने काढले त्यानेच परत बोलावले, हा अनुभव या पेशात पुष्कळांना येतो.

पुढे क्लार्क मॉडर्न जॅझ क्वार्टेट या चौघांच्या चमूचा मूळ ड्रमर झाला, १९५५ साली त्यातून बाहेर पडला, १९५६ साली पॅरिसला गेला आणि तिथलाच झाला. तिथे त्याने मोठा वाद्यवृंद चालवला, ड्रमची शाळा काढली आणि १९८५ साली पॅरिसजवळच वारला. अमेरिकेतला वर्णभेद आणि कामाची अनिश्चितता या दोन्हींपासून दूर जाऊन त्याने स्वतःसाठी एक शांत, नियमित आयुष्य उभे केले. संगीतात क्रांती करणाऱ्या माणसाला शेवटी शाळा आणि ठरलेला वृंद यांचा आधार घ्यावा लागला, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. मॅक्स रोच हा त्याच्या पाठोपाठचा थोर वादक, तोही १९७२ पासून मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात शिकवत होता. शिकवणे हा या पेशातला दुय्यम उद्योग आहे असे जे समजतात त्यांनी ही नावे आठवावीत.

आणखी एक कारण फारसे कोणी सांगत नाही. १९४४ साली अमेरिकन सरकारने नाच-गाणे चालणाऱ्या जागांवर आधी ३० टक्के आणि मग कमी करून २० टक्के कर बसवला. नाच नसेल, गायन नसेल, नुसते वाद्यसंगीत बसून ऐकायचे असेल तर कर लागत नव्हता. मोठ्या वृंदांच्या नाचाच्या रात्री महाग झाल्या, लहान चमूंच्या बैठका परवडू लागल्या, आणि ऐकणाऱ्यांसाठी वाजवणाऱ्या ड्रमरला वाव मिळाला. म्हणजे वादकाच्या पायाचे काम आणि सरकारी कर यांचा एकमेकांशी थेट संबंध आहे. आपल्या बडोद्याबाबतही नेमका असाच संबंध आहे, त्याकडे पुढे येतो.

आता तबल्याविषयी. आठ वर्षे वाया गेली का, या आपल्या प्रश्नाला मी ठामपणे नाही म्हणतो, मात्र त्यातले काय उपयोगी पडते आणि काय आड येते हे नीट पाहायला हवे.

उपयोगी पडणारी पहिली गोष्ट म्हणजे आडी लय. स्विंग म्हणतात त्या चालीत एका मात्रेचे दोन भाग सारखे नसतात, पहिला लांब आणि दुसरा आखूड असतो. तिस्र जातीच्या, म्हणजे मात्रेच्या तीन सारख्या, अंशांतला मधला अंश रिकामा ठेवून पहिला आणि तिसरा वाजवला, ‘धा ऽ गे धा ऽ गे’ असे म्हटले, की त्याची जवळची कल्पना येते. आपल्या शहराला या बाबतीत मोठे भाग्य लाभलेले आहे. अजराडा घराण्याचे प्रा. सुधीरकुमार सक्सेना यांनी महाराजा सयाजीराव विद्यापीठात वर्षानुवर्षे तबला शिकवला, आणि अजराड्याची ओळखच मुळी आडी लयीतल्या, तिस्र जातीच्या कायद्यांची (बोलांच्या बांधीव रचनांची) आणि बोलक्या डग्ग्याची आहे. ज्यांच्या कानात ते कायदे आहेत त्यांना स्विंग समजावून सांगावा लागत नाही, नुसता दाखवावा लागतो. पण इथेच एक सावधगिरी हवी. तीन अंशांचे गणित हातात पक्के बसले की वादन घोड्याच्या टापांसारखे होते. प्रत्यक्षात संथ लयीत ते अंतर दोनास एक किंवा त्याहूनही जास्त असते, आणि लय मिनिटाला ३०० मात्रांच्या आसपास गेली की दोन्ही भाग जवळजवळ सारखे होतात. हे मोजून वाजवता येत नाही. चांगल्या वादकांच्या ध्वनिमुद्रणाबरोबर रोज बसून ते कानावाटे हातात उतरवावे लागते.

आड येणारी गोष्ट म्हणजे समेची, आवर्तनाच्या पहिल्या मात्रेची, ओढ. तबल्याच्या विद्यार्थ्याचे सगळे शरीर समेकडे झुकलेले असते. जॅझमध्ये चार मात्रांपैकी दुसरी आणि चौथी हलकेच उचललेल्या असतात, तिथे डाव्या पायाने हायहॅटच्या दोन झांजा मिटतात, आणि पहिल्या मात्रेवर बसकण मारली की सगळा चमू जड होतो. मला स्वतःला ही सवय मोडायला दोन वर्षे लागली. रस्त्याने चालताना दुसऱ्या आणि चौथ्या पावलाला चुटकी वाजवत राहणे, एवढाच त्यावर उपाय मला सापडला आणि तोच मी शिष्यांना देतो.

आवर्तनाची कल्पना मात्र पूर्णपणे कामाला येते. चार मात्रांचे एक माप धरतात. ब्लूज या गीतप्रकाराचा बारा मापांचा साचा म्हणजे ४८ मात्रांचे आवर्तन, आणि प्रचलित गीतांचा बत्तीस मापांचा साचा म्हणजे १२८ मात्रांचे. त्यात आठ-आठ मापांचे चार तुकडे असतात आणि तिसरा तुकडा निराळ्या चालीचा असतो. दोन वादक चार-चार मापे आळीपाळीने वाजवतात तेव्हा आपल्या सवाल-जवाबाची आठवण होतेच. परंतु एक फरक फार मोठा आहे आणि तबल्याकडून येणारे बहुतेक जण तिथेच अडखळतात. तबल्याच्या एकल वादनात लेहरा, म्हणजे सारंगी-पेटीवर फिरत राहणारी चाल, अखंड चालू असतो, त्यामुळे आपण कुठे आहोत हे क्षणोक्षणी ऐकू येते. जॅझमध्ये ड्रमरची पाळी आली की बाकी सगळे थांबतात. पियानो नाही, बेस नाही, लेहरा नाही. १२८ मात्रांचे ते आवर्तन ड्रमरच्या आणि गप्प बसलेल्या इतरांच्या मनातच चाललेले असते, आणि ते संपताच सगळ्यांना एकदम आत यायचे असते. मोजत बसणारा यात हरवतो. ज्याच्या मनात चाल गात राहते तो बरोबर येतो. मॅक्स रोचचे एकल वादन ऐकताना मूळ गाण्याची चाल मनात म्हणून पाहावी, ती तिथे स्पष्ट सापडते. आपल्या मुलीला म्हणूनच मी आधी गाणी पाठ करायला सांगेन, शब्दांसकट, आणि ड्रमवर हात नंतर.

ब्रशविषयी लिहिल्याशिवाय राहवत नाही. तारेचा कुंचला स्नेअर या लहान ड्रमच्या खरखरीत पृष्ठभागावर गोल फिरवत ठेवायचा आणि दुसऱ्याने हलके आघात करायचे, ही कला आता शिकवणारे थोडे राहिले आहेत. डग्ग्यावर घिस्सा मारताना मनगटाचा दाब जसा कमी-जास्त होतो, तीच संवेदना इथे लागते. तबला वाजवलेल्या मुलांचा हात यात इतरांपेक्षा लवकर बसतो. संथ गीतामध्ये गायिकेच्या श्वासाबरोबर तो गोल फिरणारा आवाज चालतो तेव्हा ड्रम हे गोंगाटाचे वाद्य आहे असे म्हणणाऱ्यांनाही गप्प होताना मी पाहिले आहे.

भारतीय तालवाद्ये आणि हे वाद्य यांचा संबंध काही नवा नाही. १९६८ साली अमेरिकन ड्रमर बडी रिच आणि तबलावादक उस्ताद अल्लारखा यांची एकत्र ध्वनिमुद्रिका निघाली. विदुषी शोभा गुर्टू यांचे चिरंजीव त्रिलोक गुर्टू तबल्यापासून निघून जमिनीवर बसून वाजवण्याच्या स्वतःच्या ड्रमसेटपर्यंत आले, ‘ओरेगॉन’ या चमूत वाजले, गिटारवादक जॉन मॅक्लॉफ्लिनबरोबर वाजले. मराठी घरांत ठुमरी ऐकत वाढलेल्या माणसाने जगातल्या मोठ्या जॅझ मंचांवर स्वतःच्या बोलीत बोलून दाखवले, हे उदाहरण आपल्या मुलीच्या नजरेसमोर असावे.

बडोद्याचेही आपल्याला वाटते त्यापेक्षा यात जास्त काही आहे. सयाजीराव महाराजांच्या काळात १८८६ साली गायक मौलाबक्षांच्या हाताखाली इथे गायनशाळा सुरू झाली, १९१६ साली पंडित भातखंडे यांच्या पुढाकाराने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद इथे भरली, मौलाबक्षांचे नातू इनायत खान याच शहरात जन्मले आणि १९१० साली आपले संगीत घेऊन अमेरिकेला गेले. कामाठीबागेतला बँडस्टँड आजही उभा आहे. पितळी वाद्ये आणि तबला-सारंगी यांनी या संस्थानात एकाच राजाश्रयाखाली दिवस काढले आहेत. लहानपणी आजोबांबरोबर त्या बागेत जाताना मला त्या रिकाम्या बँडस्टँडचे फार कुतूहल वाटे.

परंतु कामाच्या दृष्टीने बडोद्यात जॅझ ड्रमरला घर चालवता येत नाही, हे मी स्वच्छ सांगतो. त्याचे कारण श्रोत्यांच्या अभिरुचीत नाही. जगभर जॅझचे क्लब मुख्यतः मद्यविक्रीवर चालतात. तिकिटाच्या पैशांत चार वादकांचे मानधन आणि जागेचे भाडे क्वचितच निघते. गुजरात राज्य १९६० साली स्थापन झाले तेव्हापासून इथे दारूबंदी आहे, त्यामुळे रोज रात्री लहान चमू ठेवणारी जागा उभी राहूच शकली नाही. दारूबंदी चांगली की वाईट हा इथला विषय नाही, वर सांगितलेल्या अमेरिकन करासारखेच हे एक कारण आणि परिणाम आहेत. जॅझ इथे एखाद्या सभागृहात, एखाद्या महाविद्यालयाच्या महोत्सवात, नाहीतर कोणाच्या दिवाणखान्यात वर्षातून काही वेळा होते.

मग घर कशावर चालते? बडोद्यात त्याचे पहिले उत्तर नवरात्र हे आहे. इथला गरबा आजही मोठ्या प्रमाणावर प्रत्यक्ष वाद्यवृंदावर चालतो, आणि नऊ रात्री रोज चार-चार तास ठेका न ढळू देता वाजवणारा माणूस हवा असतो. माझ्या वर्षाच्या मिळकतीतला सर्वांत मोठा एकरकमी भाग त्या नऊ रात्रींचा आहे. अनेक तरुण ड्रमर त्याकडे कमीपणाने पाहतात, ते मला अजिबात मान्य नाही. हजारो माणसे वर्तुळात फिरत असताना लय अर्धा अंश पुढे सरकली तर पायांना लगेच कळते, अशी परीक्षा दुसरी कोणतीही बैठक घेत नाही. न्यू ऑर्लिन्सचे आणि हार्लेमचे सगळे थोर ड्रमर नाचणाऱ्यांसाठीच वाजवत शिकले. चिक वेब या ड्रमरने १९३७ साली हार्लेमच्या सॅव्हॉय बॉलरूममध्ये बेनी गुडमनच्या वृंदाला हरवले असे मानले जाते, ते नाचणाऱ्यांच्या देखत. त्या वेबला मणक्याचा क्षय होता, पाठीला कुबड होते, उंची जेमतेम चार फूट होती, आणि तो तिशीतच गेला. संपूर्ण वृंद मात्र त्याच्या ठेक्यावर चाले.

नवरात्राखेरीज शिकवण्या, ध्वनिमुद्रणे, लग्नसमारंभ, नाटकांचे संगीत, आणि महिन्यातून दोन-तीन वेळा मुंबई. बडोदा-मुंबई अंतर सुमारे ३९० किलोमीटर आहे, संध्याकाळी वाजवून रात्रीच्या गाडीने परत येता येते, मी वर्षानुवर्षे आलो आहे. ज्या महिन्यात जॅझ वाजवायला मिळते त्या महिन्यात तीन-चार वेळा मिळते, आणि त्याचे मानधन गाडीभाडे व सिंबलच्या झिजेपलीकडे फारसे जात नाही. मुलीला आणि आपल्यालाही हे आधीच माहीत असावे, म्हणजे पुढे निराशा येत नाही.

मुंबईची स्थितीही कधी फार निराळी नव्हती. १९३५ साली लिऑन ॲबीचा अमेरिकन वृंद ताजमहाल हॉटेलात आला, पियानोवादक टेडी वेदरफोर्ड मुंबईत आणि कलकत्त्यात वाजला व १९४५ साली कलकत्त्यातच वारला. या लोकांकडून गोव्याच्या आणि इथल्या वादकांनी जॅझ उचलले. चिक चॉकलेट या नावाने ओळखले जाणारे गोमंतकीय ट्रंपेटवादक, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारखे संयोजक, तालवाद्यांत कावस लॉर्ड आणि त्यांचे मुलगे केरसी व बुजी, या सगळ्यांचा निर्वाह शेवटी हिंदी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणावर झाला. रात्री जॅझ आणि दिवसा स्टुडिओ, अशी त्यांची विभागणी होती. आपली नवरात्र आणि त्यांचा स्टुडिओ यांत तत्त्वतः काही फरक नाही.

दोन कटू अनुभव सांगतो, ते मुलीच्या उपयोगी पडावेत म्हणून. तिशीत असताना एका मोठ्या हॉटेलने आमच्या चौघांकडून सहा आठवडे वाजवून घेतले आणि तोंडी बोलण्यावर विसंबलेल्या आम्हाला निम्मेच पैसे दिले. तेव्हापासून तारीख, वेळ, रक्कम, प्रवासखर्च आणि रद्द झाल्यास काय, एवढे लिहून घेतल्याशिवाय मी स्टिक्स पिशवीतून काढत नाही. दुसरा अनुभव याहून वाईट आहे. माझ्या डाव्या कानात गेली चौदा वर्षे एक बारीक शिट्टी सतत वाजते आहे आणि ती आता जाणार नाही. कामाच्या जागेवरील आवाजाबाबत अमेरिकेत सुचवलेली मर्यादा ८५ डेसिबलला आठ तास अशी आहे, आणि दर तीन डेसिबलला ती वेळ निम्मी होते, म्हणजे १०० डेसिबलला पंधराच मिनिटे उरतात. ड्रमसेटवर जोरात वाजवले की १०० सहज ओलांडले जातात. तरुणपणी कानात बोळे घालणे मला वादनाचा अपमान वाटे. आपण नवे सिंबल घेऊन देण्याआधी तिला चांगले कर्णरक्षक घेऊन द्यावेत, ही माझी कळकळीची विनंती आहे.

मुलगी म्हणून काही अडचण येईल का, असेही आपण विचारले आहे. हात, पाय आणि कान यांच्या बाबतीत काहीही अडचण नाही. टेरी लिन कॅरिंग्टन ही १९६५ साली जन्मलेली ड्रमर अकराव्या वर्षी बॉस्टनच्या बर्क्ली संगीत महाविद्यालयाच्या शिष्यवृत्तीस पात्र ठरली आणि २०१४ साली जॅझ वाद्यसंगीताच्या गटात ग्रॅमी मिळवणारी पहिली स्त्री झाली. अडचणी आहेत त्या रात्री उशिरा परतण्याच्या, सामान उचलायला ‘मदत’ करता करता वादनाचे सल्ले देणाऱ्या माणसांच्या, आणि ‘मुलीच्या मानाने चांगली वाजवते’ या वाक्याच्या. माझ्या दोन शिष्या आज व्यवसायात आहेत. त्यांनी सुरुवातीची तीन-चार वर्षे चमू निवडताना वादनाइतकेच माणसांकडे पाहिले, आणि घरच्यांनी परतीच्या प्रवासाची व्यवस्था स्वतःकडे घेतली. तेवढे पुरेसे झाले.

शिक्षणाविषयी माझे मत असे आहे की बारावीनंतर लगेच परदेशी महाविद्यालयाच्या मागे लागू नये. तिथली फी कर्ज काढून भरली तर ते कर्ज जॅझ वाजवून फिटत नाही. आधी इथेच पदवी करावी. विद्यापीठाच्या परफॉर्मिंग आर्ट्स विभागात तबलाच पुढे न्यायला काय हरकत आहे, असे मला मनापासून वाटते. त्याबरोबर पाश्चात्त्य स्वरलिपी वाचायला शिकावी, कारण स्टुडिओत आणि नाटकात वाचणाऱ्यालाच दुसऱ्यांदा बोलावतात, आणि दोन वर्षे थोडा पियानो शिकावा, म्हणजे गाण्याचा साचा बोटांना समजतो. टोनी विल्यम्स हा ड्रमर सतराव्या वर्षी ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिसच्या चमूत गेला हे ती आपल्याला नक्की सांगेल. त्याने त्याआधी बॉस्टनमध्ये लहानपणापासून मोठ्या वादकांशेजारी बसून काढलेली वर्षेही तिला सांगावीत.

वाड्यात किंवा फ्लॅटमध्ये सरावाचा प्रश्न येतोच. रबरी पॅडवर हाताचा सराव पहाटेही करता येतो. पूर्ण सेट लागतो तो रोज फार तर तासभर, आणि त्यासाठी शेजाऱ्यांशी आधी बोलून ठरलेली वेळ पाळावी. जॅझला मोठा सेट लागत नाही : अठरा किंवा वीस इंची बेस ड्रम, दोन टॉम, एक स्नेअर, हायहॅट आणि एक चांगला राइड सिंबल. पैसे कमी असतील तर ड्रम जुने घ्यावेत आणि सिंबल उत्तम घ्यावा, कारण ड्रमचे कातडे बदलता येते, सूर लावता येतो, पण हलक्या धातूच्या सिंबलला कोणीही सुधारू शकत नाही.

तिचा कल खरा आहे की वयाचा, हे आपल्याला पाहायचे असेल तर एक साधी कसोटी आहे. मिनिटाला ६० मात्रांच्या संथ लयीत तिला फक्त राइड सिंबल आणि हायहॅट वाजवायला सांगावे, वीस मिनिटे, एकही जास्तीचा आघात न करता, आणि मनात एखादे गाणे म्हणत. मध्येच कधीही थांबवून गाण्याचा कोणता शब्द चालला आहे ते विचारावे. वेगाने वाजवण्यापेक्षा हे कितीतरी अवघड आहे आणि कंटाळवाणे तर फारच आहे. बहुतेक मुले सहाव्या-सातव्या मिनिटाला काहीतरी भर घालू लागतात. ती वीस मिनिटे पूर्ण करून पुन्हा करू का असे विचारत असेल, तर तिला घेऊन एखाद्या रविवारी सकाळी माझ्याकडे यावे. आमचा बेसवाला आणि पियानोवाला तेव्हा सरावाला असतात, तिला त्यांच्यामध्ये बसवू आणि दोघांना कसे वाटते ते विचारू.